कोल्हापुरी कॅमेरा आणि बोलपटाची किंमत

व्हिडीओ गेमच्या यंत्रांच्या व्यवसायात पिढी बदलणे ही ठरलेली गोष्ट आहे. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ हे यंत्र २००० साली आले, तिसरे २००६ मध्ये, चौथे २०१३ मध्ये आणि पाचवे २०२० मध्ये. सहा-सात वर्षे झाली की जुने यंत्र मागे पडते आणि नव्याची किंमत ऐकून घरोघरी चर्चा सुरू होते. पाचवे प्लेस्टेशन २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. करमणुकीच्या यंत्राला किती पैसे मोजायचे आणि ते किती वर्षे चालणार, हे दोन प्रश्न मात्र व्हिडीओ गेमइतके नवे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरातील एका चित्रकाराच्या आयुष्याची दिशा याच दोन प्रश्नांनी ठरवली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या हातांनी दिले. दुसऱ्याने त्यांची कंपनी बंद पाडली. हे चित्रकार म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. लाकूड, धातू आणि रंग यांचे काम घरातच चालत असल्याने हत्यार हाती धरायला त्यांना वेगळी शाळा लागली नाही. चित्रकला आणि शिल्पकला ते असेच पाहून, करून शिकले. पेंटर हे नाव त्यांना धंद्यामुळे चिकटले आणि पुढे तेच आडनाव झाले. नात्याने भाऊ असलेले आनंदराव हेही तितकेच कसबी चित्रकार होते. १९१० पासून पुढची पाच-सहा वर्षे या दोघांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श, बालगंधर्वांची मंडळी अशा मातब्बर कंपन्यांकडून त्यांना कामे येत. राजवाडा, अरण्य, नदीकाठ अशा देखाव्यांत खोलीचा आभास निर्माण करण्यात त्यांचा हातखंडा होता. प्रेक्षक पडद्यालाच टाळ्या देत, तो हा काळ. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात गवई, मल्ल, नट आणि चित्रकार यांना मान होता आणि कामही होते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. हा चित्रपट पाहून आनंदराव आणि बाबूराव या दोघांनाही झपाटल्यासारखे झाले. रंगवलेला पडदा कितीही हुबेहूब असला तरी त्यातले पाणी वाहत नाही. इथे ते वाहत होते. मात्र चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

कॅमेरा ही त्या वेळी विलायतेहून मागवायची वस्तू होती. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून कॅमेरा मागवला तेव्हा त्यासाठी २१ गिनी मोजल्या होत्या. सावे दादांचा मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय होता, त्यांना ते परवडले. फाळके यांनी १९१२ मध्ये स्वतः लंडन गाठून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. सोबत फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र आणि छपाईची सामग्री आणली. या खटाटोपात त्यांना आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवावी लागली आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. पडदे रंगवून पोट भरणाऱ्या दोन तरुणांकडे तारण ठेवण्यासारखे काही नव्हते. त्यातच १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि विलायती माल मिळणे आणखी कठीण झाले.

तेव्हा या दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर विकत घेतला. त्यावर ते चित्रपट दाखवू लागले. त्यातून चार पैसे सुटत. परंतु खरा लाभ वेगळाच होता. चित्रपट दाखवायचे यंत्र आणि चित्रपट टिपायचे यंत्र यांचे तत्त्व मुळात एकच. फिल्म सलग सरकत नाही. एक चौकट पुढे येते, क्षणभर थांबते, पुन्हा पुढे सरकते. प्रोजेक्टर रोज उघडून, पुसून, तेल घालून ही थांब-चाल त्यांना हाताला समजली. समजले ते बनवता येईल, असे त्यांनी ठरवले.

ठरवणे सोपे होते. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरील एका चौकटीची उंची सुमारे १८ मिलिमीटर असते. तीच चौकट नऊ फुटी पडद्यावर दिसते तेव्हा ती सुमारे दीडशे पट मोठी झालेली असते. म्हणजे फिल्म खेचणाऱ्या दात्यांत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी पडद्यावरचे चित्र दीड सेंटीमीटर उडी मारणार, आणि सेकंदाला सोळा वेळा. नाटकाच्या पडद्यावर ब्रश थोडा इकडेतिकडे गेला तर तो लांबून दिसत नाही. इथे तशी सवलत नव्हती. भिंग आणि कोरी फिल्म बाहेरून आणावी लागे. बाकीची सगळी यंत्रणा कोल्हापुरातच घडवायची होती. कानसाने घासायचे, बसवून पाहायचे, बिघडले की पुन्हा घासायचे, असे ते काम होते.

हे काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. त्यांच्या नावावर एकही चित्रपट नाही आणि म्हणून त्यांचे नाव पुढे फारसे कोणी घेतले नाही. हे काही न्याय्य झाले नाही. कॅमेऱ्याचा ध्यास जितका बाबूरावांचा, तितकाच आनंदरावांचा होता.

आनंदरावांच्या पश्चात बाबूरावांच्या मदतीला उभे राहिले ते विष्णुपंत दामले. बाबूरावांच्या शिष्यांत दामले यांचा हात यंत्रावर विशेष चाले. गुरू-शिष्यांनी मिळून १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार केला. हाताने दांडा फिरवायचा, एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे. फिरवणाऱ्याच्या मनगटात ताल हवा. भारतात बांधलेला पहिला चित्रपट कॅमेरा म्हणून त्याचा उल्लेख होतो. कोल्हापुरातील खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे जे स्मारक उभे आहे, त्यामागे हा इतिहास आहे.

या कॅमेऱ्याची किंमत किती, हे पैशांत सांगून उपयोगी नाही. विलायती कॅमेऱ्याला पैसे लागत आणि तो आल्या दिवसापासून चालू होई. बाबूरावांच्या कॅमेऱ्याला बहुतेक पैशांऐवजी वर्षे लागली, आणि एक भाऊ त्या वर्षांतच गेला. पण यंत्र घरचे असल्याचा एक फायदा होता. बिघाड झाला की दुरुस्तीसाठी मुंबईकडे किंवा लंडनकडे पाहावे लागत नसे. ज्यांनी दाते घासले होते तीच माणसे समोर होती.

यंत्र झाले तरी कंपनीला भांडवल हवेच होते. गायिका तानीबाई कागलकर यांनी कर्ज दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कोल्हापूरच्या सिनेमाला पहिला आधार देणाऱ्यांत एक गायिका होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन चित्रपटगृहात झळकला. कीचकवधाचा प्रसंग इतका अंगावर येणारा झाला होता, की सरकारने त्याला कात्री लावली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम पुरुषाने केले होते. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांना कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आणले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच टिळकांचे निधन झाले.

पुढची दहा वर्षे ही कंपनी म्हणजे चित्रपटाची पाठशाळाच होती. दामले, त्यांचे जिवलग सहकारी फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम वणकुद्रे अशी मंडळी इथे घडली. दामले यांना सारे जण दामलेमामा म्हणत आणि फत्तेलाल यांना साहेबमामा. पोरसवदा शांताराम पडेल ते काम करीत होता. ‘सुरेखाहरण’ (१९२१) या चित्रपटात तो प्रथम पडद्यावर आला. बाबूराव प्रत्येक प्रसंगाची चित्रे आधी काढीत; वेशभूषा, दागिने, महालाचे खांब, सारे कागदावर ठरे. नाटकाचा सपाट पडदा रंगवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनीच चित्रपटातून तो पडदा काढून टाकला आणि जागी खराखुरा उभा देखावा बांधला. जाहिरातीची रंगीत भित्तिपत्रके त्यांनी स्वतः रंगवली. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेली पुस्तिका प्रेक्षकांच्या हाती देण्याची पद्धतही त्यांनी पाडली.

हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून केलेला ‘सिंहगड’ १९२३ मध्ये आला. रात्रीची दृश्ये टिपण्यासाठी त्यात कृत्रिम प्रकाश वापरला गेला. तोवर सारे चित्रण सूर्यावर अवलंबून असे. ‘सिंहगड’ला इतकी गर्दी लोटली, की मुंबई प्रांतात त्याच वर्षी आलेल्या करमणूक कराच्या कायद्याशी चित्रपटाचे इतिहासकार या गर्दीचा संबंध जोडतात. लंडनजवळच्या वेम्बली येथे १९२४ मध्ये भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनातही कंपनीच्या कामाची दखल घेतली गेली.

१९२५ मधला ‘सावकारी पाश’ या साऱ्यांहून निराळा. नारायण हरि आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात देव नव्हते, राजे नव्हते. कर्जात जमीन गमावून गिरणीच्या गावाकडे निघालेला शेतकरी होता. ती भूमिका शांताराम यांनी केली. अंधारातली झोपडी आणि तिच्यापाशी कुत्रे, एवढ्यावर उभे केलेले दृश्य पाहणाऱ्यांच्या पुढे वर्षानुवर्षे लक्षात राहिले. प्रेक्षकांना मात्र पुराणकथाच हव्या होत्या आणि हा चित्रपट त्या मानाने चालला नाही. बाबूरावांची सर्वांत मोठी कलाकृती कोणती, या प्रश्नावर एरवी वाद होतील. ‘सावकारी पाश’च्या बाबतीत ते फारसे होत नाहीत.

कंपनीला पहिला तडा गेला तो यंत्रामुळे नव्हे, माणसांमुळे. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. एका दशकात तयार झालेले हात एकाच वेळी बाहेर पडले. कॅमेरा घडवणारे दोन हात गुरूकडे राहिले, दोन शिष्याबरोबर गेले.

मग १४ मार्च १९३१ उजाडला. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला आणि मूकपटाची पिढी संपायला सुरुवात झाली. भारतात ती पिढी १९१३ पासून धरली तर अठरा वर्षांची. बाबूरावांच्या कॅमेऱ्यापासून धरली तर तेरा वर्षांची. योगायोग असा, की प्लेस्टेशन २ हे यंत्रही २००० पासून २०१३ च्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षे, कारखान्यातून बाहेर पडत होते आणि एवढे दीर्घायुष्य त्या व्यवसायात असामान्य समजले जाते. पण तिथे जुने यंत्र नव्याबरोबर सहा-सात वर्षे सुखाने नांदले. शिवाय यंत्र बनवणारी कंपनी बहुधा यंत्रावर फारसा नफा घेत नाही, प्रसंगी तोटाही सोसते आणि खेळांच्या विक्रीतून पैसा मिळवते. त्यामुळे नवी पिढी ग्राहकाच्या आवाक्यात येते. चित्रपटाच्या यंत्रांत तशी मेहेरबानी नव्हती. ध्वनियंत्र विकणारा चित्रपटाच्या यशापयशाची वाट पाहत थांबत नसे. पूर्ण किंमत स्टुडिओने द्यायची आणि तीही आधी.

नव्या पिढीत नेमके काय बदलले, हे पाहिले तर बाबूरावांची अडचण कळते. सुरुवातीच्या मूकपटाला मिनिटाला ६० फूट फिल्म पुरत असे. बोलपटात सेकंदाला चोवीस चौकटी ठरल्या आणि मिनिटाला ९० फूट लागू लागली. म्हणजे कच्च्या मालाचा खर्च एकदम दीडपट. दांडा फिरवून वेग सांभाळणे आता चालणार नव्हते, कारण वेग जरा हलला की आवाजाचा सूर हलतो. मोटार हवी. कॅमेऱ्याची खडखड ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला झाकायला हवे. स्टुडिओच्या भिंतींतून बाहेरचा आवाज आत येता कामा नये. ‘आलम आरा’च्या स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून त्याचे बरेचसे चित्रण रात्री करावे लागले. इराणी यांनी टॅनार नावाची ध्वनियंत्रणा आणली आणि ती चालवण्यासाठी विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ ठेवला. त्याला रोज १०० रुपये द्यावे लागत. इराणी यांनी काही दिवसांत काम शिकून घेऊन ते स्वतःच्या हाती घेतले.

यापेक्षा मोठा फरक असा, की हे यंत्र कानसाने घासून बनणारे नव्हते. निर्वात नळ्यांचे वर्धक, ध्वनीचे प्रकाशात रूपांतर करणारी यंत्रणा, एका तालात धावणाऱ्या मोटारी यांतले काहीही प्रोजेक्टर उघडून हाताला समजण्यासारखे नव्हते. मूकपटाच्या पिढीत पैसा नसला तरी कसब चालून गेले. बोलपटाच्या पिढीत पैसाच लागत होता. शिवाय मूकपटाला भाषा नव्हती. मधल्या पाट्या बदलल्या की कोल्हापूरचा चित्रपट देशभर कुठेही चाले. बोलपट मराठी झाला की त्याचा बाजार मराठी मुलखापुरता आकसला. यंत्र महागले आणि त्याच वेळी गिऱ्हाईक कमी झाले.

बाबूरावांना बोलपट मनापासून आवडला नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत ठळकपणे येते. चित्राने जे सांगण्याची भाषा इतक्या वर्षांत तयार झाली, ती आवाजामुळे नष्ट होईल, असे त्यांचे मत होते. ते मत प्रामाणिक होते आणि पहिल्या काही वर्षांतले बोलपट पाहता त्यात तथ्यही होते; कॅमेरा एका जागी खिळून राही आणि पात्रे गात सुटत. पण कंपनी बंद पडण्याचे सारे कारण या नावडीवर टाकणे बरोबर वाटत नाही. शिष्य गेलेले, भांडवल आटलेले आणि नवी यंत्रे आवाक्याबाहेरची. अशा वेळी आवड असती तरी फार काही करता आले असते असे दिसत नाही. आणखी मोजके मूकपट काढून महाराष्ट्र फिल्म कंपनीने काम थांबवले. १९३४ पर्यंत देशातूनच मूकपट जवळजवळ नाहीसा झाला.

प्रभातने मात्र उडी घेतली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी आलेला ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट. तोच हिंदीतही काढून त्यांनी बाजार आकसण्यावर तोड शोधली. या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण केले विष्णुपंत दामले यांनी. १९१८ मध्ये ज्या हातांनी मूकपटाचा कॅमेरा बसवला, तेच हात आता आवाज टिपत होते. दामले गुरूपेक्षा मोठे कलावंत होते असे कोणी म्हणणार नाही. पण यंत्र बदलले की पुन्हा उमेदवारी करायची तयारी त्यांच्यात होती, आणि पाठीशी सराफाचे भांडवल होते. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. १९३६ चा दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. कोल्हापुरात जन्मलेली कंपनी पुण्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, याची रुखरुख शहराला बराच काळ होती.

बाबूराव चित्र आणि शिल्प यांकडे परतले. मधूनमधून बोलावणी येत. कोल्हापूरच्या राजघराण्यातील अक्कासाहेब महाराजांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (१९३५) केला, मग ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून (१९३६), आणि ‘प्रतिभा’ (१९३७). म्हणजे बोलपटाशी त्यांचे वैर नव्हते. दुसऱ्याच्या यंत्रावर ते काम करीत होते, एवढेच.

१९४७ मध्ये शांताराम यांनी आपल्या गुरूंना ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनासाठी बोलावले. एके काळी महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करणारा तो मुलगा आता राजकमल कलामंदिरचा मालक होता. हा चित्रपट दोघांच्या नावावर आहे. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकर यांची लेखणी आणि लावण्यांचा ठसका यांमुळे तो तुफान चालला. बाबूरावांच्या साऱ्या कारकिर्दीतला हा बहुधा सर्वांत अधिक ऐकला गेलेला चित्रपट, आणि तो त्यांना नकोशा वाटलेल्या आवाजाच्या जोरावर चालला. पाच वर्षांनी ‘विश्वामित्र’ आला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले.

त्यांच्या मूकपटांची फिल्म चटकन पेट घेणारी आणि लवकर कुजणारी होती. बहुतेक चित्रपट नाहीसे झाले. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आता पाहायला मिळत नाही. भव्य देखावे, गर्दीची मांडणी आणि प्रकाशाची जाण यांत बाबूरावांचा हात कसा चाले, हे पाहायचे तर अभ्यासकांना मुख्यतः ‘प्रतिभा’कडे वळावे लागते, आणि तो बोलपट आहे.